वाकडचा तो, खराडीची ती

आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी क्लबहाउसमध्ये सिनेमा असतो. निवड पाळीपाळीने. माझी पाळी आली की लोक दाराजवळच्या खुर्च्या आधी धरतात, यावरून माझ्या आवडीनिवडीबद्दलचं जनमत कळावं. तर गेल्या खेपेला मी 'एल. ए. स्टोरी' लावला. १९९१चा इंग्रजी सिनेमा, लेखन आणि मुख्य भूमिका स्टीव्ह मार्टिनची, दिग्दर्शन मिक जॅक्सनचं. प्रेमकथा आहे, विनोदी आहे आणि लॉस एंजेलिस नावाच्या अवाढव्य शहराची त्यात यथेच्छ टिंगल आहे.

नायक टीव्हीवर हवामान सांगणारा. तिथली हवा वर्षभर इतकी एकसारखी की हा पठ्ठ्या शनिवार-रविवारचा अंदाज आधीच रेकॉर्ड करून मोकळा होतो. नेमका तेव्हाच पाऊस कोसळतो आणि नोकरी जाते. शेजारच्या घरी जायचं तरी तो गाडी काढतो. मंडळी जेवत असताना भूकंप होतो, टेबलं हलतात, पण कुणी गप्पा थांबवत नाही. हायवेवर गोळीबाराचा मोसम सुरू झाल्याचं कळतं, तेव्हा आपण जूनमध्ये रेनकोट काढावेत तशी गाड्यांतली माणसं पिस्तुलं काढतात. एटीएमपाशी दोन रांगा, एक पैसे काढणाऱ्यांची आणि एक त्यांना लुटणाऱ्यांची. लुटारू आधी स्वतःचं नाव सांगून रीतसर ओळख करून देतो. बड्या हॉटेलात टेबल हवं तर गृहकर्जाला होते तशी छाननी. आणि हायवेच्या कडेला वाहतुकीच्या सूचना देणारा विजेचा फलक एका रात्री नायकाशीच बोलायला लागतो. बरा आहेस ना, म्हणून विचारतो. सल्ले देतो, वर एक कोडंही घालतो. नायक इंग्लंडहून आलेल्या एका पत्रकार बाईच्या प्रेमात पडलेला असतो आणि त्या दोघांचं जुळवायला अख्खं शहर, हवेसकट, कामाला लागतं.

सिनेमा संपला, दिवे लागले, चहा आला आणि मतं सुरू झाली.

बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी म्हणाले, "गोष्ट कुठे होती? नुसते तुकडे." तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा सॅन होजेला असतो. त्या ठामपणे म्हणाल्या, "मी चार वेळा जाऊन आलेय. असलं काही नसतं तिकडे." सॅन होजे आणि लॉस एंजेलिस यांच्यात पुण्या-गोव्याहून जास्त अंतर आहे, पण काकूंना ते सांगण्याची हिंमत कुणात नव्हती. योगाचे वर्ग घेणाऱ्या वहिनींना सिनेमा गोड वाटला, फक्त 'तो फलक बोलतो ते जरा पोरकट'. माझा भाचा हिंजवडीला नोकरी करतो, तो म्हणाला, "मावशी, हे आमचंच आहे गं. फक्त आमचा फलक बोलत नाही. बोलला असता तर निदान वाचायला वेळ भरपूर आहे." आणि 'बी' विंगेत तिघींबरोबर भाड्याने राहणारी परभणीची एक मुलगी, जी सहसा गप्प असते, तिने विचारलं, "पण ह्यात ती हॉटेलातली भांडी कोण घासतं?"

या शेवटच्या प्रश्नाकडे नंतर येते.

मग कुणीतरी म्हणालं, "असा सिनेमा आपल्या पुण्यावर निघाला पाहिजे." आणि एकदम सगळ्यांना वाचा फुटली. नायक सदाशिव पेठेतला. त्याचे वडील दुपारी एक ते चार दार उघडत नाहीत. वाड्यावर पाट्याच पाट्या. नायिका मुंबईची, ती बेल वाजवते, पाटीवर लिहिलेलं असतं की एकदाच वाजवावी. पाहुण्याला विचारतात, जेवूनच आला असाल ना. दुकानदार गिऱ्हाइकाचा अपमान करतो आणि गिऱ्हाईक कृतार्थ होतं. पाच मिनिटांत पटकथा तयार! सगळे पोट धरून हसत होते, मीही हसत होते. घरी येऊन झोपताना लक्षात आलं की त्या खोलीत आम्ही सोळा-सतरा जण होतो आणि त्यातलं एकही माणूस आज पेठेत राहत नाही. सगळे हायवेला खेटून असलेल्या बावधनच्या अकरा मजली इमारतीत राहतो. दुपारी एक ते चार आमच्यापैकी कुणी झोपत नाही, कारण ज्यांना झोपायचं असतं त्यांच्या डोक्यावर कुणाच्या तरी फ्लॅटचं फर्निचरचं काम चालू असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. शहरावरचा विनोदी सिनेमा आपण एकाच मापाने मोजतो: ओळखीचं वाटलं का. आणि आपल्या ओळखीचं पुणं पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. त्यामुळे आज जिथे आपण राहतो त्या शहराला कुणी हसतच नाही, आणि उद्या कुणी हसलंच तर 'असलं काही नसतं' म्हणून आपणच त्याला पाडणार.

चितळ्यांचंच घ्या. दुपारी एक ते चार बंद असणारं दुकान हा पुण्यावरच्या विनोदाचा मेरुमणी. त्यांनी २०१७ सालीच दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. दुकान उघडलं, विनोद मात्र बंद व्हायला तयार नाही. अजूनही कार्यक्रमाचा निवेदक तो टाकतो आणि अजूनही सभागृह टाळ्या देतं. पाट्यांचंही तेच. पाटी ही एकेकाळी खरोखरच्या त्राग्यातून लिहिलेली गोष्ट होती. दारासमोर स्कूटर लावून कुणी तरी रोज जायचं, म्हणून ती पाटी. आता पाट्या छापून मिळतात, मगवर मिळतात, फ्रिजवर चिकटवायला मिळतात. मी एका नव्या कॅफेत 'उगाच बसू नये' अशी पाटी बघितली. खाली वायफायचा पासवर्ड होता.

हा विनोद आपल्याला का आवडतो, ते उघड आहे. त्यात आपण खडूस ठरतो, पण हुशार खडूस. तुसडे ठरतो, पण भाषेवर हुकमत असलेले तुसडे. कुणाला असा दोष चिकटवून घ्यायला आवडणार नाही? याला गुदगुल्या म्हणतात. चिमटा वेगळा.

बरं, पुण्याला चिमटा माहीत नाही असंही नाही. १६ डिसेंबर १९७२ला भरत नाट्य मंदिरात 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. तेंडुलकरांचं नाटक, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची निर्मिती. त्यात हे शहर नाचत होतं, गात होतं आणि नागडं होत होतं. गदारोळ झाला, थोड्या प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवलं, आणि त्याच मंडळींनी थिएटर अकादमी स्थापन करून ते पुन्हा उभं केलं. माझे वडील सांगायचे, आमच्या वाड्यात तेव्हा दोन तट पडले होते आणि चौकातल्या नळावरसुद्धा लोक बाजू धरून उभे राहत. प्रेमकथेशी या नाटकाचा काही संबंध नाही, आणि प्रत्येक हलक्या सिनेमाने 'घाशीराम' व्हावं असं माझं म्हणणंही नाही. मला त्यातला आक्षेप महत्त्वाचा वाटतो. मुख्य तक्रार होती, 'इतिहासाचा विपर्यास केला, असं घडलंच नव्हतं.' तेंडुलकर सांगत राहिले की हे ऐतिहासिक नाटक नव्हेच. ऐकतो कोण! पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या संतप्त प्रेक्षकाचा आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुद्दा शब्दशः एकच आहे. असलं काही नसतं.

गंमत अशी की हीच माणसं शाळेत अतिशयोक्ती अलंकाराचे मार्क पूर्ण मिळवून आलेली असतात. दमडीचं तेल आणलं, सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची दाढी झाली, उरलेलं तेल झाकून ठेवलं, लांडोरीचा पाय लागला, वेशीपर्यंत ओघळ गेला, त्यात उंट पोहून गेला. एकाही मुलाने हात वर करून विचारलं नाही की बाई, तेलात उंट कसा पोहेल. सगळ्यांना कळत होतं की इथे कुणाच्या तरी कंजूषपणाबद्दल बोलणं चाललंय. मग मोठं झाल्यावर, तिकीट काढून थिएटरात बसल्यावर, आपलं असं काय होतं की नायक डेक्कनवरून निघून लगेच खडकवासल्याला पोचला की आपण शेजारच्याला कोपर मारतो? हा नकाशेवाला प्रेक्षक पुण्यात फार. सई परांजप्यांच्या 'कथा'मधली (१९८३) मुंबईची चाळ प्रत्यक्षात पुण्यात चित्रित झाली होती. चाळ मुंबईची वाटली, माणसं चाळीतली वाटली, काम झालं.

आता भाच्याचं मत. ते मला त्या रात्रीचं सर्वांत चांगलं परीक्षण वाटतं, कारण त्याने 'असं असतं का' हे विचारलंच नाही. 'हे आमच्याकडे कुठे बसतं' ते बघितलं. आणि एकदा तसं बघायला लागलं की आजच्या पुण्यात दिग्दर्शकाला फारसं काही रचावं लागणार नाही, उलट थोडं कमी करावं लागेल.

२०२२ सालच्या २ ऑक्टोबरची रात्र घ्या. चांदणी चौकातला जुना पूल स्फोटाने पाडायचा ठरलं होतं, रात्री एक वाजता. जवळचा भाग पोलिसांनी रिकामा केलेला. आम्ही लांबच्या गच्चीवर. आम्ही म्हणजे अक्षरशः सगळे: लेकुरवाळ्या बायका, दुखऱ्या गुडघ्यांचे आजोबा, थर्मासमधून चहा, कुणीतरी भडंगाचा डबा आणलेला, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरही तीच गर्दी. कोजागरीला आठवडा होता, पण वातावरण तेच. एक वाजता धडाम आवाज झाला, धुळीचा लोट उठला, टाळ्या पडल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. धूळ खाली बसली. आणि पूल बराचसा तसाच उभा! क्षणभर शांतता. मग गच्चीवर एकदम वीस सिव्हिल इंजिनिअर निर्माण झाले. "दारू कमी पडली." "लोखंड जुन्या काळचं आहे, त्याला काय होतंय." एक आजोबा अभिमानाने म्हणाले, "ह्याला म्हणतात बांधकाम." ज्या पुलाला गेली काही वर्षं सगळे रोज शिव्या घालत होते, त्या पुलाबद्दल गच्चीवर एकाएकी माया दाटून आली. उरलेलं काम जेसीबी आणि पोकलेननी केलं.

हा प्रसंग लॉस एंजेलिसच्या त्या भूकंपाच्या जेवणाहून कुठे कमी आहे? त्या गच्चीवर टाकीच्या आडोशाला दोन तरुण माणसं उभी करा, एकाच इमारतीत राहून पहिल्यांदाच एकमेकांशी बोलणारी. स्फोटाची उलटी गणती चालू आहे, तो धीर करून काहीतरी विचारतो आणि तिचं उत्तर त्या आवाजात बुडतं. झाली की प्रेमकथा सुरू. पण हे पडद्यावर आलं असतं तर आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी हमखास म्हटलं असतं, काहीही दाखवतात.

किंवा पाणी. ऑगस्टमध्ये बातमी येते, खडकवासल्यातून विसर्ग वाढवला, भिडे पूल पाण्याखाली. लोक छत्र्या घेऊन नदीचं पाणी बघायला जातात, फोटो काढतात. ती बातमी आम्ही टँकरची वाट बघत वाचतो. आमच्या सोसायटीत टँकरवाल्याच्या फोनची जेवढी आतुरतेने वाट बघितली जाते तेवढी कुठल्याही प्रियकराच्या फोनची बघितली जात नसेल. तो रात्री दोनला येतो. आधी रिव्हर्सचा तो टुंग टुंग आवाज, मग जाड पाइप फरशीवर आपटल्याचा, मग वॉचमनचं "आस्ते, आस्ते". पाणी टाकीत पडायला लागलं की झोपेतच बायका कूस बदलतात, आणि सकाळी लिफ्टमध्ये एकमेकींना सांगतात, "आला होता रात्री." तिऱ्हाइताने ऐकलं तर भलतंच समजेल.

२०१७ साली अकरा आणि २०२१ साली आणखी तेवीस गावं महापालिकेच्या हद्दीत आली. त्यात आमचं बावधन बुद्रुकही होतं. म्हणजे रात्री गावकरी म्हणून झोपलो, सकाळी पुणेकर म्हणून उठलो, टँकर तोच. या वाढलेल्या शहराचा अजून एकही विनोद तयार झालेला नाही. 'पुणेकर' म्हटलं की डोळ्यांपुढे येणारा माणूस अजून मुठेपासून चालत जाता येईल एवढ्याच अंतरात राहतो.

जुन्या सिनेमांना हे बरोबर कळलं होतं, की शहरातल्या प्रेमकथेत खलनायक शहरच असतो. 'मुंबईचा जावई' (१९७०) मध्ये नव्या जोडप्याला चाळीत दोन क्षणांचा एकांत मिळत नाही, एवढ्यावर अख्खा सिनेमा उभा आहे. हिंदीत त्याचाच 'पिया का घर' झाला. 'अशी ही बनवाबनवी'त (१९८८) डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून पुरुष साड्या नेसतात. आपण तो सिनेमा शंभरदा बघितला, संवाद पाठ केले, आणि त्याच्या मुळाशी घरभाडं आहे हे विसरलो. २०१०चा 'मुंबई-पुणे-मुंबई' मला आवडतो. दोनच माणसं, एकच दिवस, आणि चालता चालता शहर. पण त्यातसुद्धा आपण टाळ्या कशाला दिल्या? मुंबई विरुद्ध पुणे या जुगलबंदीला, म्हणजे पुन्हा ओळखीच्याच गोष्टीला.

आजची प्रेमकथा कुठे अडेल? तो वाकडला, ती खराडीला. याला आमचा भाचा 'लाँग डिस्टन्स' म्हणतो, आणि तो थट्टा करत नाही. त्याचं एक जमत आलेलं प्रकरण याच अंतरावर संपलं. शुक्रवारी संध्याकाळी निघून तिच्याकडे पोचेपर्यंत दोघांची भूकही मेलेली असायची आणि भांडण करायची ताकदही. शेवटी तिने फोनवर सांगितलं, "तू बंगलोरला असतास तर बरं झालं असतं, विमानाने तरी आला असतास." त्याने हे आम्हाला जेवताना सांगितलं आणि माझी बहीण हसू की रडू अशा चेहऱ्याने भात वाढत राहिली. त्याच रस्त्यावर, गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असताना, डोक्यावरचा विजेचा फलक लाल अक्षरांत सांगत असतो: वेगावर नियंत्रण ठेवा. स्टीव्ह मार्टिनला आपल्या फलकाकडून बोलणं वदवून घ्यायला जादू वापरावी लागली. आपल्या फलकाचा विनोद सरकारी खर्चाने चालू आहे.

नायकाची नोकरीही तयार आहे. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून शिवाजीनगरची ती दगडी इमारत आजही 'शिमला ऑफिस'. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, चौकाला नाव राहिलं. आणि वेधशाळेने पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवायची, हा पुणेकरांचा पिढीजात विनोद. हवामानखात्यात नोकरी करणारा, सगळ्या नातेवाइकांची बोलणी खाणारा एक साधा मुलगा आणि त्याच्या अंदाजावर विश्वास ठेवणारी जगातली एकमेव मुलगी. यापेक्षा गोड प्रेमकथा दुसरी कुठली? त्या काल्पनिक सिनेमात मेट्रोही येऊ द्या. डेक्कन आणि संभाजी उद्यान या स्टेशनांची छपरं पगडीच्या आकाराची आहेत. शहराने स्वतःच्या स्टेशनांना पगडी घालावी, ही कल्पना विनोदी लेखकाने मांडली असती तर निर्मात्याने 'जरा जास्तच होतंय' म्हणून कापली असती.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. सिनेमा हलकाफुलका, दोन घटका करमणूक. त्याच्यावर शहराचं ओझं कशाला? मला ओझं टाकायचंच नाही. उलट मराठीत भीती वेगळ्याच गोष्टीची असते. विनोदी म्हणून सुरू झालेला सिनेमा मध्यंतरानंतर गंभीर होतो, नायकाचे वडील हॉस्पिटलात जातात, आणि शेवटी कुणीतरी माइकसमोर उभं राहून वीस मिनिटं समाजाला सुनावतं. देवाशपथ, तसलं नको. फलक बोलतो ते पोरकट, असं वहिनी म्हणाल्या. पण पोरकटपणाचीच तर सूट असते. गंभीर माणसाने 'ह्या शहरात फार एकटं वाटतं' असं म्हटलं की लोक सल्ले देतात. रस्त्यावरच्या फलकाने एका माणसाला 'बरा आहेस ना' विचारलं की थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला वाटतं, मला कुणी किती दिवसांत विचारलेलं नाही. लहरीपणातून जे साधतं ते भाषणातून साधत नाही.

टिंगल कुणी करायची, हाही एक वाद असतो. आतल्याने की बाहेरच्याने? 'एल. ए. स्टोरी'चा दिग्दर्शक ब्रिटिश, नायिका ब्रिटिश. पुणेकरांवरचा मराठीतला सर्वांत गाजलेला विनोद पार्ल्यात वाढलेल्या पु. लं.नी लिहिला. हा वाद इथेच मिटला असं समजायला हरकत नाही.

आता परभणीच्या मुलीचा प्रश्न. ती हॉटेलातली भांडी कोण घासतं? खरं सांगायचं तर मी हा सिनेमा चार-पाच वेळा बघितला असेल आणि मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. त्यातली माणसं बहुतेक गोरी, बहुतेक पैसेवाली. सिनेमा आला फेब्रुवारी १९९१मध्ये. मार्चच्या सुरुवातीला त्याच शहरात पोलिसांनी रॉडनी किंग नावाच्या काळ्या माणसाला रस्त्यावर बेदम मारलं, कुणीतरी ते कॅमेऱ्यात टिपलं, आणि पुढच्या वर्षी एप्रिलअखेर ते पोलीस सुटले तेव्हा शहर पेटलं. पडद्यावर शहराचा एवढा मोठा तुकडा गैरहजर होता. स्टीव्ह मार्टिनने दंगलीचं भाकीत करायला हवं होतं, असं मी म्हणत नाही. त्याचा नायक हवामानाचंही नीट करू शकत नव्हता. पण मी ज्याला चिमटा समजत होते त्यातही बरीचशी गुदगुलीच होती, एवढं त्या मुलीमुळे मला मान्य करावं लागलं. ज्यांची थट्टा झाली ते मुळात मजेत होते.

आणि मग तोच प्रश्न घरी लावून बघितला. आमचं पाट्या-झोप-खडूसपणा हे पुणं तरी कुणाचं आहे? त्यात येरवडा नाही, पिंपरीतला कारखान्यातून सुटून पीएमपीला लोंबकळणारा कामगार नाही, कात्रजपलीकडचं कुणी नाही. हे सगळे शहर चालवतात पण विनोदात नसतात. कुणाची थट्टा होते त्यावरून गावात कुणाला धरतात ते कळतं. नवरीकडच्यांनी नाव ठेवलं की समजावं, आपल्याला वऱ्हाडात मोजलंय.

सगळ्यात मोठी थट्टा तर खुद्द पेठेचीच झाली आहे. माझं माहेर सदाशिव पेठेतलं. वाडा पडला, इमारत झाली, आम्ही पांगलो. मध्ये कागदपत्रांच्या कामासाठी तिकडे गेले होते. जिन्यात चपलांचा ढीग, दोन खोल्यांत मिळून नऊ कॉट. लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा. सगळी एमपीएससीवाली मुलं. आमच्या स्वयंपाकघराची जागा साधारण जिथे होती, तिथे एक मुलगा भिंतीकडे तोंड करून राज्यघटना पाठ करत होता. मी इथेच राहायचे, असं म्हटल्यावर त्याने अदबीने विचारलं, "काकू, तेव्हा किती होतं भाडं?" दुपारचे अडीच वाजले होते. पेठेत दुपारी झोपतात या विनोदावर आपण हसत होतो, तेव्हा पेठेतली शेकडो मुलं डोळ्यांवर पाणी मारून अभ्यासिकेत बसली होती. मार्च २०२१मध्ये परीक्षा ऐन तोंडावर पुढे ढकलली तेव्हा हीच मुलं नवी पेठेत रस्त्यावर येऊन बसली होती. बाकी वेळी ती मेसच्या रांगेत, झेरॉक्सच्या दुकानात आणि चहाच्या टपरीवर असतात, आणि आपल्या विनोदात कुठेही नसतात.

पुणेरी पाट्या संपल्या म्हणणाऱ्यांनी एकदा तिथून चालत यावं. त्या मगवर छापलेल्या नाहीत, कोऱ्या कागदावर स्केचपेनने लिहून सेलोटेपने चिकटवलेल्या आहेत. 'मुलींसाठी कॉट मिळेल.' 'कॉट बेसिस, वायफाय, २४ तास पाणी', त्यातला 'तास' हा शब्द नंतर कुणीतरी खोडलेला. परत येताना एका अभ्यासिकेच्या दारावरची पाटी वाचायला थांबले. 'आत बोलू नये. जिन्यात फोनवर बोलू नये. जिन्याखाली तर मुळीच बोलू नये.' तीन वाक्यांत कुणाचा तरी वर्षभराचा अनुभव उतरला होता.

जिन्याखाली एक मुलगा आणि एक मुलगी उभी होती. तिच्या हातात चालू घडामोडींचं मासिक होतं, त्याच्या हातात दोन चहाचे कागदी पेले. ती त्याला कुजबुजत्या आवाजात विचारत होती, राज्यसभेची सदस्यसंख्या. त्याने चुकीचं सांगितलं. तिने पेला घेतला आणि म्हणाली, "तुझं ह्या वर्षीही काही खरं नाही."

तो हसला. वरून कुणीतरी "शूऽऽ" केलं.